शाळेचं काम गावाला दिसावं म्हणून: जिल्हा परिषद शाळेच्या जनसंपर्काचं पहिलं वर्ष

जिल्हा परिषद शाळेत ३० सप्टेंबरला जो पट (दाखल मुलांची संख्या) असतो, त्यावर संचमान्यता म्हणजे शिक्षकपदांची मंजुरी होते आणि शाळेला किती शिक्षक मिळणार ते ठरतं. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन, ६१ ते ९० मुलांना तीन आणि ९१ ते १२० मुलांना चार शिक्षक असं प्रमाण दिलेलं आहे. संचमान्यतेचे निकष शासन निर्णयांनी बदलत असतात, म्हणून चालू वर्षाचे निकष केंद्रप्रमुखांकडून (आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांकडून) बघून घ्यावेत. पण गणित तेच राहतं. पट ६३ वरून ५८ वर आला की एक पद धोक्यात येतं. शिक्षक गेला की वर्ग जोडून बसवावे लागतात आणि ते पाहून आणखी दोन पालक दाखला मागायला येतात.

दर वेळी शिकवणं वाईट असतं म्हणून हे होतं असं नाही. टाय लावून पिवळ्या बसमध्ये चढणारी मुलं गावाला रोज सकाळी दिसतात. जिल्हा परिषद शाळेतली दुसरीतली मुलगी न अडखळता धडा वाचते, हे मात्र वर्गाच्या चार भिंतींबाहेर कुणाला कळत नाही. ते नेमाने बाहेर दिसू देणं हा शाळेच्या जनसंपर्काचा गाभा आहे. कार्यक्रम, फलक, हारतुरे हे सगळं त्यानंतर.

आधी माणसं आणि यादी

दोनशिक्षकी शाळेत वेगळं प्रसिद्धीचं खातं काढता येत नाही आणि काढूही नये. तीन माणसं पुरतात: एक शिक्षक, शाळा व्यवस्थापन समितीतली एक आई आणि फोन नीट वापरता येणारा गावातला एक माजी विद्यार्थी. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असं कायदाच सांगतो. त्यामुळे माणसं शोधायला लांब जावं लागत नाही, फक्त सहीपुरत्या येणाऱ्या सदस्याला खरं काम द्यावं लागतं. आठवड्याला सगळे मिळून एक तास, शक्यतो शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर. यापेक्षा जास्त वेळ ठरवलात तर ऑगस्टपर्यंत काम बंद पडेल.

पहिलं काम यादीचं. अंगणवाडी सेविकेकडून पाच-सहा वर्षांच्या मुलांची नावं घ्या, ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदींशी ताडून पाहा आणि मग घरोघर जा. वहीत पाच रकाने आखा: मुलाचं नाव, जन्मतारीख, वस्ती, आत्ता कुठे जातं, घरात निर्णय कोण घेतं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. शाळा वडिलांशी बोलते आणि निर्णय आजी किंवा पुण्याला असलेला काका घेतो, असं बऱ्याच घरांत असतं.

यादीत सहसा सुटतात ती शिवारातल्या वस्त्यांवरची, तांड्यावरची, वीटभट्टीवरची आणि ऊसतोडीला जाणारी मुलं. जन्मदाखला नाही म्हणून कुणाला प्रवेश नाकारता येत नाही, हे या घरांत जाऊन सांगणं हाही जनसंपर्कच आहे. दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात. त्याआधी पालकांना शिक्षण हमी कार्ड (स्थलांतरित मुलाचं शिक्षण दुसऱ्या शाळेत चालू राहावं म्हणून दिलं जाणारं) द्या आणि ते कारखान्याच्या तळाजवळच्या शाळेत दाखवायचं असतं, हे नीट समजावून सांगा. कार्ड नुसतं दप्तरात टाकलं तर ते तिथेच राहतं.

दाखवायचं काय

नवीन माणूस इथे चुकतो. तो स्नेहसंमेलनाचे फोटो, पाहुण्यांचं स्वागत आणि वृक्षारोपण दाखवतो. पालकाला मात्र एकच जाणून घ्यायचं असतं: माझं पोर शिकतंय का?

त्यासाठी वाचन-भेट घ्या. हिला खर्च नाही आणि हिच्याइतका परिणाम दुसऱ्या कशाचाच होत नाही. वेळ संध्याकाळी सातची, जागा वस्तीवरचं देऊळ किंवा समाजमंदिर. सकाळी अकराला शाळेत पालकसभा ठेवली तर मजुरीला जाणारी आई येऊ शकत नाही. ती आली नाही की आपण म्हणतो, पालक उदासीन आहेत. एका वेळी एकच वर्ग, पंधरा-वीस घरं, पाऊण तास. मुलाने आपल्याच आईवडिलांशेजारी बसायचं. पुस्तकाचं पान पालकाने उघडायचं, मुलाने पाच-सहा ओळी वाचायच्या. मग शिक्षकाने जवळ जाऊन हळू आवाजात दोनच वाक्यं सांगायची: जूनमध्ये कुठे होता, आता कुठे आहे. गणितासाठी घरातलंच काही घ्या, दुधाच्या डेअरीचं बिल किंवा किराण्याची चिठ्ठी, आणि बेरीज करायला लावा.

ही भेट बिघडते ती दोन कारणांनी. एक, हुशार पोरगं पुढे करून सगळ्यांसमोर वाचायला लावतात. त्यामुळे एका घराला आनंद होतो आणि एकोणीस घरांना आपलं मूल मागे असल्याचं वाटतं. दोन, ज्याला येत नाही त्याला चारचौघांत उभं करतात. ते मूल आणि ते घर पुन्हा सभेला येत नाही. अडखळणाऱ्या मुलासाठी शिक्षकाने आधीच त्याला जमणारं काम ठरवून ठेवावं, आणि जे जमत नाही ते पालकाला एकट्याला, स्पष्ट सांगावं. लपवू नये. पुढच्या भेटीत फरक दिसला की तोच पालक चार ठिकाणी बोलतो.

आलेल्या पालकांच्या लहान भावंडांसाठी एक सतरंजी आणि चार चित्रांची पुस्तकं वेगळी ठेवा. पुढच्या जूनचा पट त्याच सतरंजीवर बसलेला असतो.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. त्यांचं गाजलेलं काम म्हणजे पाठ्यपुस्तकांना जोडलेले क्यूआर कोड. त्यातलं मर्म आपल्या कामाचं आहे. पुस्तक घरी जातं, कोड घरच्या फोनवर उघडतो आणि वर्गात चाललेलं घरात ऐकू येतं. तुमच्याकडे कोड नसला तरी शिक्षकाने म्हटलेल्या कवितेची एक मिनिटाची ध्वनिफीत पालकांच्या गटावर टाकली की तेच घडतं. ज्यांना वाचता येत नाही अशा पालकांसाठी तर ध्वनिफीतच बरी.

वर्तमानपत्रात बातमी

तालुक्याच्या पानाला मजकूर हवाच असतो. तरीही शाळांच्या बातम्या पडून राहतात किंवा तीन ओळींत येतात, कारण त्या सगळ्या एकाच साच्यातल्या असतात. "येथील जिल्हा परिषद शाळेत बाल आनंद बाजार मोठ्या उत्साहात संपन्न झाला. अध्यक्षस्थानी..." आणि मग अकरा नावं. यात मुलं कुठेच नाहीत.

त्याच बाजाराची बातमी अशी लिहा: "घरच्या मेथीची एक जुडी पाच रुपयांना द्यायची की तीन जुड्या बाराला, याचा हिशेब येथील जिल्हा परिषद शाळेतील चौथीच्या मुलांनी शनिवारी स्वतः मांडला. २२ मुलांनी भरवलेल्या बाजारात दोन तासांत १,८४० रुपयांची विक्री झाली. खर्च वजा जाता किती उरले, याचा तक्ता मुलांनी सोमवारी वर्गात तयार केला." आकडे इथे नमुन्याचे आहेत, तुमचे खरे मोजून लिहा. बाजार तोच, पण वाचणाऱ्याला कळतं की इथे नफा-तोटा शिकवला जातो. पाहुण्यांची नावं शेवटच्या परिच्छेदात द्या आणि तीनवर थांबा. सरपंच किंवा दाते नाराज होतील असं वाटत असेल तर त्यांची नावं शाळेच्या गटावर आणि सूचनाफलकावर सविस्तर द्या, तिथे जागेची अडचण नाही.

पाठवण्याची रीत:

१. मजकूर १५० ते २०० शब्दांचा, युनिकोडमध्ये टाइप केलेला. लेटरहेडवर लिहून काढलेला फोटो किंवा पीडीएफ पाठवला तर वार्ताहराला सगळं पुन्हा टाइप करावं लागतं आणि घाईच्या दिवशी तो ते करत नाही.

२. पहिल्या वाक्यात कुणी, काय केलं. गाव, तालुका, वार, तारीख स्पष्ट. "नुकतेच" हा शब्द नको. तो दिसला की बातमी शिळी आहे हे डेस्कवर कळतं.

३. फोटो दोन, आडवे, काम करणाऱ्या मुलांचे. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो दाबला जाऊन छपाईत अस्पष्ट येतो. खाली फोटोओळ लिहा: डावीकडून कोण, काय करत आहेत.

४. कार्यक्रमाच्याच दिवशी, दुपारी चारच्या आत. तालुक्याची पानं संध्याकाळी लागतात. रात्री नऊला पाठवलेला मजकूर परवावर जातो, आणि परवा त्याच्या जागी दुसरं काहीतरी असतं.

५. सगळ्या वार्ताहरांना एकाच वेळी. एकाला आधी दिलं तर बाकीचे पुढच्या वेळी येत नाहीत.

६. छापून आल्यावर कात्रणावर वर्तमानपत्राचं नाव, आवृत्ती, तारीख लिहून वहीत डकवा. चुकीचं छापलं असेल तर शांतपणे फोन करून दुरुस्ती सांगा, गटावर त्या वार्ताहराबद्दल काही लिहू नका.

महिन्याला एकच बातमी द्या, पण चांगली. दर आठवड्याला जयंती-पुण्यतिथीचा फोटो पाठवणाऱ्या शाळेचा नंबर वार्ताहर न उघडताच पुढे सरकवतो. जयंती साजरी करू नका असा याचा अर्थ नाही, ती कामाला जोडा. ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीला लहानपणी शाळा अर्धवट राहिलेल्या आयांचा अक्षरओळख वर्ग सुरू झाला तर ती बातमी आहे. ७ नोव्हेंबर १९०० ला डॉ. आंबेडकरांनी साताऱ्याच्या शाळेत प्रवेश घेतला म्हणून तो दिवस विद्यार्थी दिन. त्या दिवशी शाळाबाह्य दोन मुलं वर्गात आली तर तीही बातमी, मात्र त्या मुलांची नावं आणि चेहरे न देता.

शिक्षकांसाठी एक इशारा. जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांना वर्तणूक नियम लागू आहेत. छत गळतं, शिक्षक नाहीत, निधी आला नाही अशा तक्रारी शिक्षकाने वर्तमानपत्रात किंवा समाजमाध्यमांवर मांडू नयेत. तो विषय व्यवस्थापन समितीने ठराव करून, अध्यक्षांच्या सहीने पुढे न्यावा. पालकांच्या सहीच्या निवेदनाला वजनही जास्त असतं.

गटावर आणि गावात

व्हॉट्सअॅपचा गट वर्गवार करा आणि संदेश फक्त अॅडमिनला पाठवता येतील असं सेटिंग ठेवा. मोकळ्या गटावर चार दिवसांत शुभ सकाळ, आठव्या दिवशी राजकारण आणि महिन्याभरात गट गप्प करून ठेवलेले पालक, असा क्रम ठरलेला आहे. पालकांची उत्तरं शिक्षकाच्या वैयक्तिक क्रमांकावर येऊ द्या. आठवड्याला तीन संदेश पुरेत: सोमवारी या आठवड्यात काय शिकणार, बुधवारी घरी करायची एक छोटी गोष्ट, शनिवारी काय जमलं. वेळ संध्याकाळी साडेसात ते साडेआठ, शेतातून माणसं परतल्यावर.

ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांच्यासाठी पिठाची गिरणी, डेअरी, रेशन दुकान आणि एसटी थांबा. इथे माणूस दहा मिनिटं उभा असतो. शाळेच्या फाटकाशी एक काळा फलक ठेवा आणि त्यावर दर सोमवारी तीनच ओळी, मुलांच्या अक्षरात: "दुसरी: हातच्याची वजाबाकी सुरू. चौथी: गावाचा नकाशा काढतोय, जुन्या वाटा ठाऊक असणाऱ्यांनी यावं. शुक्रवारी सकाळी नऊला पालकांनी वर्गात बसायला यावं." ओळ बदलली नाही तर फलक पुसून रिकामा ठेवा. तीन आठवडे जुना मजकूर शाळेबद्दल चुकीचंच सांगतो.

मुलांचे फोटो

प्रवेशाच्या वेळीच एक वेगळा संमतीचा कागद भरून घ्या, त्यात तीन स्वतंत्र खुणा: शाळेच्या गटासाठी, वर्तमानपत्रासाठी, समाजमाध्यमांवर सर्वांना दिसेल असं. पालक एकाला हो आणि दुसऱ्याला नाही म्हणू शकतो. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांच्या संमतीवर भर देतो. पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) आणि बाल न्याय कायद्याखाली ज्या मुलाचं प्रकरण आहे त्याची ओळख उघड करणं गुन्हा आहे. नकार दिलेल्या मुलांची यादी कॅमेरा धरणाऱ्या माणसाजवळ हवी, कपाटात नको.

मदत स्वीकारताना मान खाली घालून उभ्या मुलाचा फोटो कधीही देऊ नका. वह्या वाटल्या असतील तर आठ दिवसांनी त्या वहीत लिहिणारा हात दाखवा. दात्याला तेच जास्त आवडतं आणि मुलाची अब्रू राहते. शिष्यवृत्तीची निकालपत्रं, आधार क्रमांक, पत्ते दिसणारे कागद फोटोत येत नाहीत ना, हे पाठवण्याआधी बोटांनी मोठं करून पाहा.

शाळा गावासाठी

गावाने आपल्याकडे बघावं असं वाटत असेल तर शाळेने आधी गावाकडे बघायला हवं. मोठ्या माणसांच्या सोबतीने विहिरींची पाणीपातळी मोजून तक्ता ग्रामसभेत मांडणं, संध्याकाळी दोन तास शाळेचं वाचनालय सगळ्यांसाठी उघडणं, आज्यांकडून ओव्या आणि म्हणी लिहून घेणं, सरकारी अर्ज वाचून दाखवायला महिन्यातून एक दिवस ठेवणं, यातलं एकच निवडा आणि वर्षभर चालवा. ग्रामसभा साधारणपणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमारास होतात. प्रत्येक सभेत शाळेसाठी पाच मिनिटं आधी मागून घ्या, आणि बोलायला मुलांना उभं करा.

कोकणात वेळापत्रक वेगळं ठेवावं लागतं. चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला येतात, त्यामुळे माजी विद्यार्थ्यांचा मेळावा त्याच आठवड्यात घ्यावा. देशावर गावच्या यात्रेचा दुसरा दिवस बरा. मेळाव्यात मोघम मदत मागू नका. यादी छापून द्या: वर्ग तिसरी, पाठीला आधार असलेली बाकं, नग ८, दुकानाचं दरपत्रक सोबत. शैक्षणिक उठावातून, म्हणजे लोकांनी शाळेला दिलेल्या मदतीतून, आलेली प्रत्येक वस्तू साठा नोंदवहीत चढवा, रोख रक्कम समितीच्या खात्यातच घ्या आणि त्याच दिवशी पावती द्या. तीन महिन्यांनी खर्चाचा हिशेब फलकावर लावा. हिशेब दिसला नाही की पहिली कुजबुज दात्यांमध्येच सुरू होते, आणि तिला कोणतीही बातमी पुसू शकत नाही.

वर्षाचा क्रम

पटनोंदणीची हवा गुढीपाडव्याला तयार होते, कित्येक ठिकाणी "गुढीपाडवा, पट वाढवा" म्हणत फेऱ्याही निघतात. पण खाजगी शाळांचे प्रवेश त्याआधीच सुरू झालेले असतात, म्हणून घरभेटी जानेवारी-फेब्रुवारीत उरका. २०२२ पासून राज्यात शाळापूर्व तयारीचे "पहिले पाऊल" मेळावे भरतात, पहिला एप्रिलच्या सुमारास, दुसरा जूनमध्ये. पहिल्या मेळाव्यात आलेल्या आयांचे गट मे महिन्यात चालू राहिले तर जूनमध्ये मूल रडत येत नाही. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, तिथे मधला काळ मोठा असतो, गट तुटू देऊ नका.

पहिल्या दिवशी बैलगाडी, फुगे, रंगीत पाऊलठसे जरूर करा. फक्त सगळी ताकद तिथे संपवू नका. नव्या पालकाचं मन डळमळतं ते जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणून पहिलीची पहिली वाचन-भेट १५ ऑगस्टच्या आत व्हायला हवी.

वाईट दिवस आला तर

पोषण आहारानंतर मुलांना उलट्या झाल्या, मूल पडलं, एखादी चित्रफीत पसरली. क्रम सोडू नका: आधी मुलावर उपचार, मग त्याच्या घरी स्वतः फोन, मग केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकारी, मग तासाभरात सगळ्या पालकांना एक संदेश. संदेशात काय घडलं, किती मुलं, कुठे उपचार सुरू आहेत, पुढची माहिती किती वाजता देणार एवढंच. कारण माहीत नसताना कारण लिहू नका. "अफवांवर विश्वास ठेवू नका" हे वाक्य एकटं पाठवलं की काहीतरी लपवलं जातंय असं वाटतं. बोलणारी माणसं दोनच, मुख्याध्यापक आणि समितीचे अध्यक्ष. शिजलेल्या अन्नाचा नमुना रोज झाकणबंद डब्यात दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवण्याची आणि वाटण्याआधी चव घेऊन नोंद करण्याची सवय असेल तर त्या दिवशी दाखवायला पुरावा असतो.

मोजायचं कसं

किती जणांनी अंगठा दाखवला हे मोजू नका. वहीत चार आकडे ठेवा: गावात सहा वर्षांची मुलं किती, त्यातली आपल्या पहिलीत किती, वाचन-भेटीला किती घरं आली, ३० सप्टेंबरपर्यंत किती दाखले गेले.

दाखला मागायला आलेल्या पालकाला अडवू नका. तो लगेच द्यायचा असतो, कायदाही तेच सांगतो. फक्त दाखला लिहिता लिहिता खुर्ची पुढे करून विचारा, काय कमी पडलं. उत्तर वहीत त्यांच्याच शब्दांत टिपा: बस येते, इंग्रजी हवं, शेजारच्याची मुलं तिकडे जातात, मुलीसाठी स्वच्छतागृहाला कडी नाही. यातलं शेवटचं त्याच आठवड्यात होण्यासारखं आहे. कडी बसवा, आणि बसवल्याचं त्या पालकाला फोन करून सांगा.